सर्व्याचा दंड

माघ लागला की आमच्या कॉलनीच्या कुंपणाला कडब्याची पाती अडकू लागतात. चाकण-कुरुळीकडून येणाऱ्या बैलगाड्या दिवस उजाडताना आमच्या फाटकावरून जातात, इतक्या भरलेल्या की मागून पाहिलं तर बैल दिसतच नाहीत. एक पिवळा ढीग आपला आपण कुरकुरत स्टेशनाकडे निघालाय असं वाटतं. कुंपणाची तार त्या ढिगाला ओरबाडते. मी दूध घ्यायला फाटकाशी जाते तेव्हा तारेवर पाती हलत असतात, आणि कधी त्यांच्याखाली, रस्त्यावर, एखादं कणीसही पडलेलं असतं. खुडायचं राहून गेलेलं. कित्येक वर्षं मी त्याच्याकडे पाहिलं आणि ते उचललं नाही. थोड्या वेळाने गवळ्याची म्हैस यायची आणि माझ्यापुरता तो प्रश्न सोडवायची.

हा वास मला एके काळी आवडायचा. वाळक्या शाळूचा, गोडसर, थोडा धुळीचा. आता तो आला की मला आधी एक कॅमेरा आठवतो, मग एक ओटी, आणि मग कुरुळीच्या चावडीत उभी राहून स्वतःसाठी शिक्षा मागणारी एक उंच इंग्रज बाई.

तिचं नाव मिस थॉर्नली. वडिलांच्या कारखान्यात बॉयलर बसवायला एक तरुण इंग्रज इंजिनिअर आला होता, त्याची ही आत्या. कॉलेजातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर एक हिवाळा भाच्याकडे काढावा म्हणून आली होती. साठी उलटलेली, जरा पुढे वाकलेली. आमच्याकडे जेवायला आली तेव्हा वडिलांनी विचारलं, तुम्ही काय शिकवत होता, तर म्हणाली, इतिहास, मध्ययुगाचा. वडिलांनी सभ्यपणे दोन-तीन राजांची नावं घेतली. ती म्हणाली, "राजांशी माझी फारशी ओळख नाही. मी ज्या माणसांचा अभ्यास केला ती शेतात पडलेली कणसं वेचत असत."

"सहाशे वर्षांपूर्वीची कणसं?" वडील म्हणाले.

"हो. आणि ती कुणी वेचायची यावरून झालेली भांडणं."

जेवणाच्या टेबलावर सगळे हसले, तीही हसली. मग तिने विचारलं, इथे सुगी कधी असते, ती मला बघता येईल का. वडील म्हणाले, "आमची नलू आहे की. कॉन्व्हेंटमध्ये शिकली आहे. तिला इंग्रजी येतं आणि मराठीही येतं." यातलं दुसरं विधान त्यांनी कधी तपासून पाहिलेलं नव्हतं.

भाच्याची जीप आम्हाला सकाळी कुरुळीला सोडायची आणि संध्याकाळी घ्यायला यायची. कुरुळीच का, तर आबा पाटलांची वडिलांशी ओळख होती, आणि त्यांचं शाळूचं रान रस्त्याला लागून होतं. पहिल्याच दिवशी मिस थॉर्नलीने बांधावर बसलेल्या बायकांकडे बोट दाखवलं आणि मला विचारलं, त्या ज्या कामासाठी थांबल्या आहेत त्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात? मला माहीत नव्हतं. त्या कामाचा इंग्रजी शब्द मला दुसरीपासून ठाऊक होता. शाळेच्या वाचनाच्या पुस्तकात त्याचं चित्रही होतं, डोक्याला रुमाल बांधून वाकलेल्या बायकांचं. मी बांधाशी गेले आणि सगळ्यांत कडेच्या बाईला विचारलं.

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "सर्वा," ती म्हणाली. "तुमच्यात काय म्हंत्यात?"

ती हौसाबाई. चाळिशीची असेल. नवरा मागेच वारलेला, जमीन नाही, गावाच्या कडेला एक खोपटं. 'तुमच्यात' म्हणताना तिने मला मिस थॉर्नलीबरोबर धरलं आहे हे मला कळलं, आणि मी ते दुरुस्त केलं नाही, कारण दुरुस्त करून कुणाच्यात बसायचं हेही मला ठरवता आलं नसतं.

सर्वा म्हणजे काय ते मी त्या बांधावर शिकले. शाळू कापून आडवा घालतात, कणसं खुडतात, गाडीत भरून खळ्यावर नेतात. या सगळ्यात काही कणसं निसटतात. ती मालकाची नाहीत. ती ज्यांना रान नाही त्यांची. मालकाने त्यांच्यासाठी मागे वळून पाहायचं नाही. पण वेचणारणींनीही एक पाळायचं: शेवटची गाडी बांध ओलांडेपर्यंत रानात पाऊल टाकायचं नाही. गाडी ओलांडली की गाडीवाला ओरडतो, "रान मोकळं," आणि बायका आत शिरतात. त्याआधी जी शिरेल तिला त्या सुगीत गावातल्या कुठल्याच रानात सर्वा नाही.

हे मी इंग्रजीत सांगत होते तेव्हा मिस थॉर्नली एकदम खाली बसली, ढेकळांवरच. म्हणाली, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "आमच्याकडे घंटा असायची. माझे वडील वाजवायचे."

पुढे रोज संध्याकाळी, आमच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसून, ती तुकड्यातुकड्याने बोलत गेली. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे लोक माझ्याशी बोलतात. तिचे वडील एका खेड्यातल्या चर्चचे पाद्री. शेतातली शेवटची गाडी गेली की ते घंटा वाजवत आणि गावातल्या बायका-मुलं रानात धावत. तिलाही धावायचं असे. आई फ्रॉकला धरून म्हणे, "आपण वेचत नाही." कुंपणाच्या आतून तिने ते पाहिलं, दोन-तीन सुग्या. मग यंत्रं आली आणि घंटा थांबली. "माझं सगळं आयुष्य," ती म्हणाली, "त्या फ्रॉकला धरलेल्या हातातून सुटायचा प्रयत्न आहे. बहुधा सुटले नाही."

ती विद्यापीठात गेली तेव्हा तिथे मुलींना शिकू देत, परीक्षेला बसू देत, पण पदवी देत नसत. तिने परीक्षा दिली, वरचा नंबर आला, आणि ती पदवीशिवाय बाहेर पडली. हे तिने अशा आवाजात सांगितलं जसं कुणी सांगावं, त्या दिवशी पाऊस होता. मग एका मोठ्या प्राध्यापकासाठी तिने जुन्या गावांच्या न्यायसभांची चामड्यावरची भेंडोळी वाचून उतरवून काढली. खोलीत शेकोटी लावायला बंदी, कारण भेंडोळी पेटतील. हातमोजे घालून चामडं उलगडत नाही, म्हणून बोटं उघडी. अशी कित्येक वर्षं. प्राध्यापकाचं पुस्तक आलं, गाजलं. त्यात तिचे आभार होते. "सुवाच्य अक्षराबद्दल," ती म्हणाली.

नंतर तिला एका लहान कॉलेजात नोकरी मिळाली. युद्धात तीच भेंडोळी बाँबपासून वाचवायला एका खाणीत हलवली, तेव्हा ट्रकमध्ये त्यांच्याशेजारी बसून गेली. स्वतःचं पुस्तक मात्र होत नव्हतं. कारण त्या भेंडोळ्यांत एक खोट होती, आणि ती तिला जसजशी कळत गेली तसतसं लिहिणं अवघड होत गेलं.

"त्या बायका मला भेटतात कुठे?" ती म्हणाली. "दंडाच्या नोंदीत. अमकीने वेळेआधी वेचलं, दंड. तमकीने पेंढीला हात लावला, दंड. जी रीतीने वेचत राहिली, गाडी जाईपर्यंत बांधावर थांबली, तिचं नाव कुठेच नाही. गरीब माणसाला इतिहासात यायचं असेल तर आधी गुन्हा करावा लागतो, नलू."

तिची एक लाडकी गुन्हेगार होती. मॉड, रॉजर नावाच्या कुणाची विधवा. ही मॉड जवळजवळ प्रत्येक सुगीत दंड भरताना दिसते. मग एका वर्षी तिच्या नावापुढे लिहिलंय, 'गरीब म्हणून माफ.' त्यानंतर मॉड नाही. "ती मेली, की तिला पकडणं त्यांनी सोडून दिलं," मिस थॉर्नली म्हणाली, "मला अजून कळलेलं नाही."

ते ऐकताना मी शेंगा सोलत होते. मला वाटलं होतं, किती लांबची गोष्ट आहे ही. व्हरांड्यापलीकडे कारखान्याची नवी भिंत उठत होती आणि घमेली घेतलेल्या बायका फळीवरून चढत होत्या. त्या कुठल्या गावच्या, सुगी सोडून इथे का, हे माझ्या मनातही आलं नाही. आमची कॉलनी ज्यावर उभी आहे तेही कुणाचं तरी शाळूचं रान होतं. त्याची शेवटची गाडी कधी गेली, आणि मग कुणी 'रान मोकळं' म्हणालं का, हे मी आजवर वडिलांना विचारलेलं नाही.

तो दिवस निरभ्र होता. मिस थॉर्नलीचा कुरुळीतला शेवटचा दिवस. पुढच्या आठवड्यात तिची बोट होती. आबा पाटलांच्या रस्त्याकडच्या रानातून गाड्या ये-जा करत होत्या आणि शेवटची खेप राहिली होती. बायका बांधावर बसल्या होत्या. ऊन उतरत चाललं होतं. जीप रस्त्यावर येऊन उभी राहिली, आणि मिस थॉर्नली कॅमेरा हातात घेऊन एकदा उन्हाकडे पाहायची, एकदा खळ्याच्या वाटेकडे. गाडी काही येईना.

ती मला म्हणाली, "एकीला विचारशील का? नुसतं दाखवायचं. हात कसा जातो, ओटी कशी धरतात. काही घ्यायचं नाही. एक फोटो."

मी हौसाबाईला सांगितलं. तिने रानाकडे पाहिलं. "गाडी जायची हाय अजून."

मी ते इंग्रजीत सांगितलं, शब्दाला शब्द. मिस थॉर्नली म्हणाली, "मला माहीत आहे. फक्त दाखवायचं. एक मिनिट."

मी तेही सांगितलं. हौसाबाई हसली. शेजारच्या चंद्राला म्हणाली, "बग गं, माजं रूप विलायतंला चाललंय." चंद्रा म्हणाली, "जा की. पाटलाची पाव्हनी बोलावतीया, न्हाई कसं म्हनायचं?" आणि हौसाबाई उठली, पदर खोचला, बांधावरून उतरली. ती वाकली. तिचा हात धसकटांमधून असा गेला जसा एखाद्याचा हात अंधारातही आपल्या घराच्या कडीला जातो. तीन-चार कणसं ओटीत आली. ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "फोटूत दाणं दिसतील का?" आणि त्याच वेळी वाटेवर गाडी दिसली. कणसं तिने तिथेच खाली टाकली. पण पाय रानात होते.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने येऊन सांगितलं, हौसाबाईचा सर्वा बंद केला.

मिस थॉर्नली चहा अर्धा टाकून उठली. आम्ही चावडीवर गेलो तेव्हा आबा पाटील आणि आणखी चार-पाच म्हातारे पंच बसले होते. हौसाबाई खाली, पायरीशी. मिस थॉर्नली उभीच राहिली. तिने काय सांगायचं ते वाटेत जुळवून ठेवलं होतं: चूक माझी आहे, मी बोलावलं, दंड मला करा, नियमात असेल तो, आणि वर आणखी.

मी ते मराठीत सांगितलं. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, म्हणून आबा पाटलांनी पुन्हा सांगायला लावलं. मग ते म्हणाले, "ताई, बाईंना म्हनावं, तुमी पाव्हन्या. पाव्हन्याला दंड केला तर गावाची अब्रू काय ऱ्हायली?"

"पण चूक त्यांची आहे."

"त्यास्नी रीत म्हाईत न्हवती. हिला व्हती."

मी हे सांगताच मिस थॉर्नली म्हणाली, मला रीत माहीत होती. या रीतीवरच मी आयुष्य काढलं. आमच्या देशात हीच रीत होती, हाच गुन्हा होता.

मी सांगितलं. म्हातारे एकमेकांकडे बघून हसू लागले, अगदी प्रेमाने. एकजण म्हणाला, "विलायतंत सर्वा? तिकडं गरीब हायेत व्हय?"

"होते," मी म्हणाले.

"बाई लई मायेची हाय," आबा पाटील म्हणाले. "हिच्यासाटी कायबी सांगाया लागली." आणि त्यांनी चहा मागवला.

 हौसाबाई उठली, लुगडं झटकलं, आणि आम्हा दोघींकडे पाहून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाय. तुमास्नी न्हाई जमायचं." काय जमायचं नाही, ते न सांगताच ती निघून गेली. कपबशा आल्या. आम्ही चहा घेतला. नाही म्हणणं हा पुन्हा पाटलांचा अपमान झाला असता. तो चहा फार गोड होता, आणि मला तो संपेपर्यंत पायरीवरची रिकामी जागा दिसत राहिली.

जीपमध्ये मिस थॉर्नली मागे वळून गावाकडे बघत बसली. मोशी गेल्यावर म्हणाली, "मॉडला गरीब म्हणून माफ केलं. मला पाहुणी म्हणून. दोघींनाही माणसांत धरलं नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "पण मॉडने त्याआधी कित्येक सुग्या दंड भरला होता. माझं काहीच गेलं नाही." जाताना तिने हौसाबाईसाठी वडिलांजवळ काही पैसे ठेवले. ते घेऊन मी गेले, तर हौसाबाईने दारातूनच परत लावलं. म्हणाली, "भीक आनि सर्वा येक न्हाई, ताई."

बंदी त्या एका सुगीपुरतीच होती. पुढच्या माघात हौसाबाई बांधावर जाऊ शकली असती. गेली नाही. त्याच्या पुढच्या सुगीतही नाही. ड्रायव्हर कुरुळीचा, त्याच्याकडून कळायचं. ती चाकणला कांद्याच्या वखारीत निवडायला जाते. बायका तिला 'आदी शिरनारी' म्हणतात, काही चेष्टेत, काही तशा नाही.

मी या काळात काय केलं? कॉलेज पुरं केलं. इंग्रजी घेऊन. मला पदवी मिळाली, टोपी-झगा घालून फोटो काढला. तो आईने दिवाणखान्यात लावला आहे. मिस थॉर्नलीने काढलेला फोटोही तिने पाठवला होता. तो कुठेही लावता येत नाही. त्यात हौसाबाई हसते आहे, आणि तिच्यामागे, वाटेवर, गाडीचा ठिपका दिसतो.

गेल्या श्रावणात मिस थॉर्नलीचं पत्र आलं. अक्षर तिचं नव्हतं. तिला आता फारसं दिसत नाही, कुणी तरी लिहून घेतलं होतं. पुस्तक अखेर पुरं झालंय. शेवटचं प्रकरण कुरुळीचं. पण ते छापायला द्यायच्या आधी तिला हौसाबाईला विचारायचं होतं. 'मी आयुष्यभर तक्रार केली की या बायका दंडाच्या नोंदीतच सापडतात, आणि आता मी स्वतः अशीच एक नोंद लिहिली आहे. ती नको म्हणाली तर प्रकरण काढून टाकेन. हो म्हणाली तर तिचं नाव कसं आणि काय म्हणून लिहायचं ते तिनेच सांगावं. नलू, हे तुझ्याशिवाय कुणी विचारू शकत नाही.'

श्रावण गेला. भाद्रपद गेला. मी स्वतःला सांगत होते, पावसात कुरुळीची वाट चिखलाची असते. मग दिवाळी आली, मग चुलतबहिणीचं लग्न. छापखाना थांबलाय असं आणखी एक छोटं पत्र आलं. ज्या बाईसमोर आपल्याला एकदा जमलं नाही तिच्यासमोर पुन्हा जाऊन उभं राहायचं, आणि म्हणायचं काय, तर आमच्या पुस्तकात तुझा गुन्हा घालू का. कोणत्याही भाषेत हे वाक्य मला जुळवता येईना.

माघ लागला आणि तारेवर पाती दिसली, तेव्हा मी चाकणला गेले.

वखारीत कांद्याची लालसर टरफलं उडत होती. बायकांच्या केसांत, पापण्यांवर, सगळीकडे. हौसाबाईने मला लगेच ओळखलं. "डोळं पुसू नगा, आनिक झोंबंल," ती म्हणाली, आणि हात न थांबवता ऐकत राहिली. चांगला कांदा उजवीकडे, कोंब आलेला डावीकडे. मी सगळं सांगितलं. मॉडचंही सांगितलं. का ते माहीत नाही.

"रॉजरची बाईल," ती म्हणाली. "दर साली दंड भरायची?"

"हो."

"आनि मंग?"

"मग माफ केलं. गरीब म्हणून."

हौसाबाईचा हात थांबला. "मेली आसंल मंग," ती म्हणाली. "भिकंवानी माफी झाल्यावं पुन्यांदा रानात कशी जाईल?"

सहाशे वर्षं मागच्या एका बाईविषयी एक बाई दंड झालेल्यांच्या बाजूने बोलत होती.  तिने एक कोंबाचा कांदा डावीकडे टाकला.

"लिवा म्हनावं," ती म्हणाली. "माजं नाव लिवा, हौसा. चोरून न्हाई लिवायचं. पर येकटीचं न्हाई. कुनी बोलावलं ते बी लिवा. कुनाला दंड झाला ते बी."

"त्यांना दंड झाला नाही, हौसाबाई. पंचांनी केला नाही."

"पंचांनी न्हाई केला. म्या करते." तिने पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. "बाईला दिसत न्हाई म्हंतायसा, ती काय यायची न्हाई. तिचा आनि तुमचा मिळून तुमी भरा. उंद्या आबा पाटलाचं रान निगतंय. या. गाडी जाऊस्तवर माज्यासंगं बांधावर बसा. मंग वेचा. माज्या ओटीत घाला. त्या साली माजं जेवडं बुडलं तेवडं."

"किती बुडलं?"

"ते मी सांगंन की, कवा थांबायचं ते."

आईला मी सांगितलं, कुरुळीला जाते आहे. तिने जुनं लुगडं दिलं आणि फार विचारलं नाही. मिस थॉर्नलीच्या आईसारखी ती माझ्या फ्रॉकला धरून उभी राहील असं मला वाटलं होतं. तिने फक्त म्हटलं, "बोटांना तेल लाव. शाळूची पाती कापतात." तिला हे कुठून ठाऊक, ते मी विचारलं नाही.

बांधावर बायका होत्या. हौसाबाईला पाहून त्या जरा सरकल्या, जागा झाली. मला उभं राहून काही बोलायचं होतं. रात्री मी ते घोकलं होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "त्या दिवशी हौसाबाई आपणहून शिरल्या नव्हत्या. आम्ही बोलावलं होतं. मी बोलावलं."

 मग चंद्रा म्हणाली, "ते समद्यांस्नी म्हाईत हाय, ताई. आमी हितंच बसलो व्हतो की. जा म्हनून म्याच बोलले." ती पायाने ढेकूळ फोडत होती. "पर कुनी तरी येऊन म्हनाया पायजेल व्हतं."

शेवटची गाडी आली. आबा पाटील स्वतः पुढे बसले होते, आता बरेच थकलेले. मला पाहून त्यांनी बैल थांबवले. "ताई, तुमी खाली का बसला? घरी चला, च्या घ्या. पाव्हनं मानूस तुमी."

"पाव्हनी न्हाई ती," हौसाबाई म्हणाली. "दंडाला आलीया."

आबा पाटलांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या लुगड्याकडे.  त्यांनी बैलांच्या पाठीवर हात ठेवला आणि गाडी हलली. मी उठायला गेले तर हौसाबाईने माझं मनगट धरलं. "थांब," ती म्हणाली. पहिल्यांदाच मला अगं-तुगं केलं तिने. "मागचं चाक जाऊ दे."

मागचं चाक बांधावर चढलं, क्षणभर डगमगलं, पलीकडे उतरलं. आबा पाटील वळले नाहीत. पुढे बघूनच ओरडले, "रान मोकळं." हौसाबाई रानात उतरली. मागोमाग मी.

माझा हात धसकटात अडखळतो. मला कणसाऐवजी पाती दिसतात. माझ्या शेजारून चंद्रा दोन ओळी पुढे जाते आणि परत येताना माझ्याच पायाखालचं कणीस उचलते. "कॉलेजात ह्ये न्हाई शिकिवलं व्हय?" असं रोज कुणी तरी म्हणतं. संध्याकाळी मी माझी ओटी हौसाबाईच्या ओटीत रिकामी करते. ती दाणा चोळून बघते, फुंकते, आणि म्हणते, "बरं."

मिस थॉर्नलीला मी कळवलं आहे: नाव लिहा, हौसा. तुम्हाला दंड झाला आहे, मलाही. पुस्तकात तसं येऊ द्या. भरणं चालू आहे. पत्ता लिहिताना पेन नीट धरता येत नव्हतं, बोटं चिरली होती. अक्षर सुवाच्य आलं नाही.

आबा पाटलांचं रान झालं, आता ओढ्यापलीकडची रानं निघतात. सकाळी तारेवर पाती दिसली की मी डबा घेऊन निघते. वाटेत पडलेलं कणीस मी आता उचलते आणि पदरात बांधते. ते तिच्या हिशेबात धरायचं की नाही हे तिला विचारायचं राहिलं आहे. हौसाबाई पुढे वेचत असते. मधेच कंबर सरळ करते, मागे वळून माझ्याकडे बघते, आणि पुन्हा वाकते.

ती अजून थांब म्हणालेली नाही.